फवाऱ्याची मात्रा

औषध कोणते द्यायचे हे ठरवले म्हणजे वैद्याचे काम संपले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तेथे ते निम्मेच झालेले असते. औषध किती द्यायचे आणि ते शरीराच्या नेमक्या कोणत्या भागापर्यंत पोहोचवायचे, हा उरलेला निम्मा भाग अधिक कठीण असतो. दम्याचे उदाहरण घ्या. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. तेच औषध पंपातून ओढले तर एका दाबात केवळ १०० मायक्रोग्रॅम लागते. म्हणजे गोळीच्या विसावा किंवा चाळिसावा हिस्सा. हा फरक औषधातला नसून साधनातला आहे. गोळी साऱ्या शरीरभर फिरून छातीत थोडीशी पोहोचते, पंप ती थेट श्वासनलिकांवर पसरवतो. आमच्या दवाखान्यातील नेब्युलायझर औषधाचे १ ते ५ मायक्रॉन आकाराचे थेंब करतो. याहून मोठे थेंब घशातच अडकतात, फार सूक्ष्म असले तर पुष्कळसे उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतात. थेंबाचा आकार हीदेखील औषधाची मात्राच होय.

झाडांना औषध देण्याची साधने मी गेली अनेक वर्षे याच दृष्टीने पाहत आलो आहे. लालबाग-परळच्या चाळींत आणि गिरगावच्या वाड्यांत गॅलरीच्या कठड्यावर तुळस, जास्वंद, गवती चहा, कढीपत्ता यांच्या कुंड्या नाहीत असे बिऱ्हाड विरळा. त्या कुंड्यांसाठी कुठेतरी कोपऱ्यात एक फवाऱ्याची बाटली असतेच. शिवाय आमच्या भागातील अनेक कुटुंबांचे दुसरे पाऊल कोकणात आहे. तिकडे कुणाची आंब्याची पाच कलमे असतात, कुणाची पन्नास. थंडीत मोहोर फुटू लागला की चाकरमानी दोन-चार दिवसांची रजा काढून गावी जातो आणि फवारणी उरकून परत येतो. बाटली असो की मोठा पंप, ज्याच्या हाती हे साधन असते त्याला आपण एक मात्रा वाटत आहोत याची जाणीव क्वचितच असते. उरलेली मात्रा कोणाच्या शरीरात जाते, ते आम्हा डॉक्टरांना पाहावे लागते.

या साधनांचा इतिहास फार जुना नाही. फ्रान्समधील बोर्दो परिसरात १८८० च्या दशकात द्राक्षवेलींवर केवडा रोगाने धुमाकूळ घातला होता. रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तेथील बागायतदार मोरचूद आणि चुना कालवून पानांवर शिंपडत असत. नेमक्या त्याच वेली रोगातून बचावल्याचे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये त्याने ते मिश्रण रोगावरचा उपाय म्हणून मांडले. आज नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांपासून कोकणातील सुपारीच्या बागांपर्यंत वापरले जाते ते बोर्डो मिश्रण हेच. आरंभी ते काटक्यांच्या लहान झाडूने शिंपडत. त्यामुळे एका पानावर थारोळे साचे आणि शेजारचे पान कोरडे राही. कोरड्या पानावर रोग जगे व तेथून पुन्हा पसरे. सारखा थर बसावा या गरजेतून पाठीवर अडकवायचे पंप आणि निरनिराळ्या नोझल तयार झाल्या.

साधन सुधारले, पान सारखे भिजू लागले; मात्र फवारणाऱ्याच्या छातीचा विचार व्हायला बराच काळ जावा लागला. पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांब्याचे कण साचून गाठी झाल्याचे १९६९ मध्ये तेथील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. त्या विकाराला ‘द्राक्षबागेतील फवारणाऱ्याचे फुप्फुस’ असेच नाव मिळाले. मोरचूद आणि चुना या दोन्ही वस्तू आपल्या ओळखीच्या, जुन्या आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या. तरीही फवाऱ्याच्या रूपाने त्या छातीत गेल्यावर रोग झाला.

याचे कारण थेंबाच्या गणितात आहे. एक मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन असते. ४०० मायक्रॉनचा एक थेंब फोडून १०० मायक्रॉनचे थेंब केले, तर एकाचे चौसष्ट होतात. औषध तितकेच राहते, परंतु भिजणारा पृष्ठभाग चौपट होतो. म्हणून बारीक फवारा पानावर अधिक सारखा बसतो. मोठा थेंब जड असल्याने पानावरून घरंगळून मातीत जातो. मात्र थेंब जसजसा बारीक होतो, तसतसा तो वाऱ्याच्या अधीन होतो. साधारण १०० मायक्रॉनच्या खालचे थेंब हवेत रेंगाळतात, दूर वाहतात, उन्हात आणखी आटून आणखी बारीक होतात आणि नाकातोंडावाटे आत शिरतात. पानाला जे सोयीचे, ते फवारणाऱ्याच्या छातीला घातक. हा तिढा प्रत्येक पंपात असतो. चांगले साधन आणि चांगला हात या दोहोंचे काम म्हणजे यांतला मध्य साधणे.

आता दवाखान्यातील एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत सकाळीच पंचेचाळिशीचे एक गृहस्थ पत्नीच्या खांद्याचा आधार घेत आले. रात्रीच्या गाडीने गावाहून परतले होते. ‘‘डॉक्टर, गाडीत बसल्यापासून पोटात कळ येतेय, दोनदा उलटी झाली. गावाला काहीतरी खाण्यात आलं असणार,’’ ते म्हणाले. थंडीचे दिवस असूनही त्यांचा सदरा घामाने भिजला होता. तोंडाला लाळ सुटत होती, छातीत घरघर होती, नाडी मंद होती. डोळ्यांवर बॅटरीचा झोत टाकण्यापूर्वीच दिसले की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत. मी त्यांच्या पत्नीला विचारले, ‘‘काल यांनी फवारणी केली का हो?’’ ‘‘केली ना. दिवसभर आंब्यावर औषध मारत होते. पण तोंडाला रुमाल बांधला होता की!’’

अंगावरचे कपडेही तेच होते. फवारणी झाल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन त्यांनी गाडी गाठली होती. कपडे उतरवून, अंग साबणाने धुऊन त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात धाडले. तेथे अ‍ॅट्रोपिन सुरू झाले आणि काही दिवसांनी ते आपल्या पायांनी घरी आले. पोटाच्या साध्या तक्रारीसारखे दिसणारे हे दुखणे वस्तुतः सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकाची विषबाधा होते. ही द्रव्ये शरीरातील अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात. मज्जातंतूने एकदा दिलेली आज्ञा मग थांबतच नाही. ग्रंथी पाझरत राहतात, आतडी आवळली जातात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास चालवणारे स्नायू थकतात. कीटक ज्या कारणाने मरतो, त्याच कारणाने माणूस मरतो. फरक केवळ मात्रेचा.

त्या गृहस्थांच्या पोटात औषध गेलेच नव्हते. ते गेले त्वचेतून. आंब्याचे झाड उंच असते, म्हणून बांबूला नळी बांधून खालून वर फवारा मारावा लागतो आणि झाडावर न बसलेले सारे थेंब फवारणाऱ्याच्या माथ्यावर, कपाळावर, मानेवर उतरतात. हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकावर केलेला अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. कोपराखालच्या हाताची त्वचा जितके औषध शोषते, त्याच्या जवळजवळ चौपट डोक्याची व कपाळाची त्वचा शोषते आणि पुरुषाच्या जांघेतील नाजूक त्वचा तर दहापटीहून अधिक. पाठीवरचा पंप गळत असेल तर ओघळ कमरेवरून नेमका तेथेच उतरतो. रुमालाविषयीही सांगायला हवे. साधा सुती रुमाल बारीक थेंब अडवत नाही. उलट औषधाने भिजून तो तासन् तास ओठ-नाकाशी चिकटून राहतो. संरक्षण म्हणून बांधलेला रुमाल ही एक पट्टीच होऊन बसते, औषधात भिजवलेली.

याच गोष्टीचे भयंकर रूप महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिले. त्या वर्षीच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अनेकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. त्या काळात पुढे आलेली कारणे पाहिली तर त्यांत साधनाचा वाटा ठळक दिसतो. कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढलेली होती, त्यामुळे फवारा पायाशी न राहता तोंडासमोर येत होता. बॅटरीवर वा इंजिनावर चालणारे जोरकस पंप हातपंपापेक्षा कमी वेळात अधिक द्रव आणि बारीक तुषार सोडत होते. एकाच टाकीत दोन-तीन कीटकनाशके मिसळली जात होती आणि हातमोजे, चष्मा, योग्य मुखपट्टी बहुतेकांकडे नव्हती. आमच्या गिरणगावाने विदर्भाच्या कापसावर पिढ्यान् पिढ्या सूत कातले. कॉटन ग्रीनच्या गोदामांत त्या गाठी उतरत. म्हणून ही बातमी दूरच्या जिल्ह्यातील बातमी म्हणून मला वाचता आली नाही.

आपल्या देशातील कीटकनाशक कायद्यामागेही अशीच एक दुर्घटना आहे. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेले पीठ पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; जहाजातून माल नेताना कीटकनाशक सांडून अन्नाला लागले होते. चौकशीनंतर कायद्याची गरज मान्य झाली आणि १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला. आज प्रत्येक डब्यावर जो रंगीत त्रिकोण दिसतो, तो या कायद्याखालील नियमांची देणगी आहे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे जहाल विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्यामानाने सौम्य. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही रंग कळतो. माझे सांगणे एवढेच की लाल वा पिवळ्या त्रिकोणाचा डबा शहरातील घरात येताच कामा नये. चार कुंड्यांसाठी त्याची काडीमात्र गरज नसते.

कुंड्यांना मग करावे काय? जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की तो पिठ्या ढेकूण. त्याच्या जोडीला बहुधा मुंग्याही असतात, कारण त्या त्याचा गोड स्राव खातात. प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने शेंडा धुवावा. मावा आणि पिठ्या ढेकूण यांचा मोठा भाग एवढ्यानेच खाली पडतो. उरले तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रव साबण घालावा. तेल पाण्यात मिसळत नाही. साबण ते धरून ठेवतो आणि पानावरील मेणचट थरावर पाणी पसरू देतो. तरीही फवारताना बाटली अधूनमधून हलवावी, अन्यथा आरंभीच्या फवाऱ्यात नुसते पाणी आणि शेवटच्या फवाऱ्यात नुसते तेल जाते व पाने करपतात. आधी एका पानावर फवारून एक दिवस वाट पाहावी. मोजमापासाठी बाटलीचे झाकण वापरू नये. सुई नसलेली ५ मिलिलिटरची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते, ती याच कामासाठी राखून ठेवावी व तिच्यावर तसे लिहावे.

फवारा सारखा बसतो की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. बाटलीत साधे पाणी भरून कोरड्या फरशीवर फवारावे. ठिपके सारखे विखुरले तर नोझल ठीक. मध्येच धार किंवा मोठे ठिपके पडले तर ती अडकली आहे किंवा झिजली आहे. अडकलेली नोझल तोंडाने फुंकून मोकळी करण्याची सवय मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहे. हे कधीही करू नये. जुना दातांचा ब्रश आणि पाणी पुरते. मोठ्या पंपासाठी आणखी एक कसोटी आहे. एका मिनिटात नोझलमधून किती पाणी येते ते मापात धरावे; नव्या नोझलपेक्षा ते दहा टक्क्यांहून अधिक भरले तर छिद्र रुंदावले आहे, नोझल बदलावी. अन्यथा डब्यावरची मात्रा पाळूनही झाडावर मात्रा जास्तच पडते. कीड बहुतांशी पानाच्या खालच्या बाजूस असते, तेव्हा नोझल वर वळवून आधी खालची बाजू भिजवावी आणि पान ओथंबून टपकू लागण्यापूर्वी थांबावे. टपकलेले औषध झाडाच्या उपयोगी पडत नाही.

चाळीतील गॅलरी ही सामाईक असते, हेही विसरता येत नाही. आपल्या कठड्यापासून दोन हातांवर शेजाऱ्याच्या बाळाचे लंगोट वाळत असतात, पाण्याचे पिंप उघडे असते आणि तिसऱ्या दारामागे कुणी दम्याने रात्र जागून काढलेली असते. डासांचा किंवा झुरळांचा घरगुती स्प्रे कुंडीवर मारणारी माणसे पुष्कळ आहेत. त्याने किडीपेक्षा पानेच अधिक करपतात आणि तुषार शेजारच्या खोलीत जातात. वारा पडलेला असताना, ऊन उतरल्यावर, शेजाऱ्यांना सांगून आणि मुलांना आत घेऊन फवारणी करावी. तुळस, गवती चहा, पुदिना, कढीपत्ता यांवर रासायनिक औषध मारूच नये. तुळशीचे पान आपण प्रसाद म्हणून सहज तोंडात टाकतो. शेतीच्या औषधांवर फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस जावेत ते छापलेले असते; गॅलरीतल्या तुळशीला असा पहारा कोण देणार?

उरलेले द्रावण साठवू नये. आधी साधे पाणी फवारून कुंड्यांना किती लागते ते पाहावे आणि तेवढेच औषध कालवावे. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत औषध भरून ठेवण्याइतकी धोक्याची दुसरी सवय नाही. तहानलेले मूल लेबल वाचत नाही, बाटलीचा आकार ओळखते.

एवढे करूनही विषबाधेचा संशय आला, म्हणजे फवारणीनंतर डोके दुखणे, मळमळ, अति घाम, लाळ, धूसर दिसणे, छातीत घरघर यांपैकी काही दिसले, तर रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, सारे कपडे उतरवावेत, साबण व भरपूर पाण्याने केसांसह अंग धुवावे. धुणाऱ्याने हातमोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या हातांत घालाव्यात. डोळ्यांत गेले असेल तर १५ मिनिटे पाण्याची संथ धार सोडावी. मुद्दाम उलटी करवू नये. दूध, तूप, मीठपाणी पाजू नये. १०८ ला दूरध्वनी करून थेट मोठे रुग्णालय गाठावे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल बरोबर न्यावे. डॉक्टरला ‘पोट बिघडले’ असे न सांगता ‘फवारणी केली होती’ हे पहिले वाक्य सांगावे. त्या वाक्याने कित्येक तास वाचतात.

शेवटी आमच्या भागातील बागमालकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या कलमांवर फवारणी आपण करत नाही. गावचा एखादा गडी किंवा बागेत राहणारा नेपाळी राखणदार करतो. आंबापेट्या दादरला उतरतात तेव्हा भाव, आकार, रंग यांची चौकशी होते. फवारणाऱ्याच्या अंगावर काय होते याची होत नाही. पुढच्या मोहोराच्या वेळी गावी औषधाचा डबा पाठवाल, तेव्हा त्याच पिशवीत रबरी हातमोजे, डोळ्यांवर घट्ट बसणारा चष्मा, योग्य मुखपट्टी, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि अंगाचा साबण घाला. गळका पंप दुरुस्त झाला का, हे फोनवर विचारा. फवारणी वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, सकाळी लवकर, उन्हापूर्वी संपवायची आणि त्या दिवशी अंघोळ झाल्याशिवाय जेवायला बसायचे नाही, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना समजावून सांगा. आंब्याच्या खर्चात या साऱ्याचा आकडा अगदी किरकोळ आहे.